हेजहॉगची अँटिबॉडी: ब्लॉटवर १९ची पट्टी नाही, ४५ची आहे. काय समजायचं?

मलप्रभा · सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. मी बेळगावात पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, गाव खानापूर तालुक्यात. घरी मराठी, शाळा मराठी, कॉलेज इंग्रजी, कचेरीच्या खिडकीवर कन्नड. पण जेलमधली अडचण मराठीतच नीट मांडता येते, म्हणून इथे लिहिते आहे. थोडं लांबेल.

माझं काम कोंबडीच्या गर्भातल्या पंखाच्या कोंबावर आहे. हॅचरीतून फलित अंडी आणायची, ३८ अंशांवर साडेतीन दिवस ठेवायची, बॅटरीच्या उजेडात धरून रक्तवाहिन्यांचं जाळं दिसतं का बघायचं आणि मग फोडायची. गर्भ साधारण २२व्या अवस्थेत असतो. (हॅम्बर्गर आणि हॅमिल्टन यांनी १९५१ साली कोंबडीच्या वाढीच्या ४६ अवस्था ठरवल्या. सगळं जग आजही तेच आकडे वापरतं.) या वयात पंखाच्या कोंबाच्या मागच्या कडेला, म्हणजे आपल्या हाताच्या हिशेबात करंगळीकडच्या बाजूला, सॉनिक हेजहॉग नावाचं प्रथिन बनतं. कुठलं बोट कुठे यायचं हे त्याच्या प्रमाणावरून ठरतं. मला ते प्रथिन दाखवायचं आहे.

त्यासाठी अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या हायब्रिडोमा बँकेतून ५ई१ हा क्लोन मागवला. उंदराची मोनोक्लोनल अँटिबॉडी आहे, म्हणजे एकाच पेशीच्या वंशातून आलेलं, ठरावीक प्रथिन ओळखून धरणारं प्रतिपिंड. गाईड सरांच्या प्रकल्पातले उरलेले पैसे त्यात गेले. पार्सल वाटेत दोन दिवस जास्त पडून राहिलं. हातात आलं तेव्हा बर्फाच्या पिशव्या पाणी पाणी झाल्या होत्या.

वेस्टर्न ब्लॉट (प्रथिनं जेलमध्ये आकाराप्रमाणे वेगळी करायची, मेम्ब्रेनवर उतरवायची आणि अँटिबॉडीने हवं ते शोधायचं) तीन वेळा केला. पुस्तकाप्रमाणे १९ किलोडाल्टनला (हे प्रथिनाच्या वजनाचं माप) पट्टी हवी, ती तिन्ही वेळा नाही. मात्र ४५च्या आसपास एक ठळक पट्टी येते, तीही तिन्ही वेळा. हेजहॉगचं न कापलेलं पूर्वप्रथिन ४५चंच असतं. म्हणून सहामाही अहवालाच्या मसुद्यात मी लिहिलं की या अवस्थेत पूर्वप्रथिनाचे तुकडे होत नसावेत. अहवाल पुढच्या शुक्रवारी द्यायचा आहे. वाक्य लिहिल्यापासून झोप नाही. कोणी हे काम केलं असेल तर कृपया सांगा.

---

पिपेट · सोमवार, रात्री ११:२५

मलप्रभा, मी मूळचा शहापूरचा, सध्या पुण्यात प्रयोगशाळेत आहे. ते वाक्य आत्ताच मसुद्यातून काढ. उद्या नको, आत्ता.

कारण असं. हे प्रथिन स्वतःला स्वतःच कापतं. ४५चं पूर्वप्रथिन पेशीत तयार झालं की त्याचा शेपटाकडचा अर्धा भाग कात्रीचं काम करतो. त्यातून १९चा पुढचा आणि २५चा मागचा असे दोन तुकडे होतात, आणि कापता कापता पुढच्या तुकड्याच्या टोकाला कोलेस्टेरॉलचा रेणू चिकटतो. प्रथिनाला कोलेस्टेरॉल जोडलं जातं हे १९९६ साली कळलं तेव्हा सगळे थक्क झाले होते. निरोप घेऊन जातो तो हा पुढचा तुकडा. निरोगी कोंबात कापणीच होत नाही असं म्हणणं फार मोठा दावा आहे, आणि तू तो एका पट्टीवर उभा केलायस.

आता या प्रश्नांची उत्तरं दे:
नमुना उकळलास का, आणि कशात?
ऊती कुठल्या द्रावणात वाटलीस? त्यात डिटर्जंट होतं का?
जेल किती टक्क्यांचं, मेम्ब्रेनची छिद्रं किती?
आणि सगळ्यात महत्त्वाचं: पहिली अँटिबॉडी न घालता नुसती दुसरी घालून एक पट्टा केलास का?

---

संकेश्वरी मिरची · मंगळवार, सकाळी ७:१०

मी हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजीत काम करते, दिवसभर काचपट्ट्याच रंगवूलालोय आम्ही. ताई, पार्सल गरम झालं म्हणतेस ना, तिथंच संपलं बघ. आमच्याकडं थंड साखळी तुटली की बाटली सरळ बाजूला ठेवतात. कुरिअरवाल्यांना लिहून पाठव, पैसे परत माग. गरीब प्रयोगशाळेचे पैसे असे वाटेत वितळलेले बघवत नाही.

---

पिपेट · मंगळवार, सकाळी ८:०२

मिरचीताई, तुमच्या इथे रुग्णाचा रिपोर्ट असतो, तिथे तुमचा नियम बरोबरच आहे. पण आयजीजी, म्हणजे अँटिबॉडीची ही नेहमीची जात, हा चिवट रेणू आहे. दोन-चार दिवस खोलीच्या तापमानाला राहिला म्हणून सहसा मरत नाही. त्याला खरा त्रास होतो तो पुन्हा पुन्हा गोठण्या-वितळण्याचा. म्हणून नो-फ्रॉस्ट फ्रीजरमध्ये अँटिबॉडी कधी ठेवू नये. बर्फ साचू नये म्हणून ते यंत्र ठरावीक वेळाने आतून गरम होतं, आणि छोटी कुपी त्या प्रत्येक फेरीत थोडी वितळते. मलप्रभा, तू कुठे ठेवलीस?

---

मलप्रभा · मंगळवार, दुपारी १:३०

सर, वाक्य काढलं.

अँटिबॉडी ४ अंशांवर साध्या फ्रीजमध्ये आहे, लहान लहान कुप्यांत वाटून. परवा करंट गेला होता चार तास, पण फ्रीज उघडलाच नाही.

नमुना एसडीएस आणि मर्कॅप्टोइथेनॉलमध्ये (दोन्ही प्रथिनाची घडी मोडणारी द्रव्यं) ५ मिनिटं उकळला. ऊती नुसत्या फॉस्फेट बफरमध्ये वाटली, डिटर्जंट नव्हतं. मग सेंट्रिफ्यूज करून वरचं पाणी घेतलं. जेल १२ टक्के, मेम्ब्रेन ०.४५ मायक्रॉनचं.

नुसत्या दुसऱ्या अँटिबॉडीचा पट्टा केला नाही. तीनही वेळा नाही.

---

मास्तर निपाणी · मंगळवार, दुपारी ३:१५

मी ३४ वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलं. तुमचा धागा सकाळपासून दोनदा वाचला. पोरी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला देता येणार नाही, पण माझ्यासारखे वाचणारे आणखी असतील. त्यांच्यासाठी दोन गोष्टी सोप्या करून सांगशील का? हेजहॉग हे नाव कशावरून? आणि पहिली अँटिबॉडी, दुसरी अँटिबॉडी म्हणजे काय?

---

मलप्रभा · मंगळवार, रात्री ९:५०

सर, नक्की. हे लिहिताना माझंही डोकं जागेवर येईल.

केळ्यावर बसणारं ते बारीक चिलट, म्हणजे फळमाशी, तिच्यावर १९८० साली ख्रिस्टिआने न्यूसलाइन-फोलहार्ड आणि एरिक विशाउस यांनी एक काम प्रसिद्ध केलं. माशीची हजारो उत्परिवर्तनं तयार करून कुठल्या जनुकाच्या बिघाडाने अळीचं शरीर कसं बिघडतं हे त्यांनी पाहिलं. निरोगी अळीच्या पोटावर बारीक काट्यांचे पट्टे असतात आणि मध्ये मोकळी जागा असते. एका जनुकाच्या बिघाडात ही मोकळी जागाच नाहीशी झाली, अळी अंगभर काटेरी दिसू लागली, म्हणून त्या जनुकाचं नाव हेजहॉग. (हेजहॉग म्हणजे आपलं साळिंदर नव्हे, त्याहून बराच लहान वेगळा प्राणी.) त्या दोघांना एडवर्ड लुइस यांच्यासह १९९५चं नोबेल मिळालं. १९९३ साली हेच जनुक कोंबडी, उंदीर आणि झेब्राफिशमध्ये सापडलं. पाठीच्या कण्याच्या प्राण्यांत त्याचे तीन भाऊ निघाले. दोघांना खऱ्या प्राण्यांची नावं दिली, डेझर्ट आणि इंडियन. तिसऱ्याला व्हिडिओ गेममधल्या निळ्या सॉनिकचं.

आता अँटिबॉडी. उंदराच्या अंगात एखादं प्रथिन टोचलं की त्याच्या पेशी ते ओळखणारी प्रतिपिंडं बनवतात. त्यातली एकच पेशी निवडून कर्करोगी पेशीशी जोडली की ती पिढ्यान्‌पिढ्या तेच एक प्रतिपिंड देत राहते. ही युक्ती कोलर आणि मिलस्टीन यांची, १९७५ची. ५ई१ असंच जन्मलं, न्यूयॉर्कच्या थॉमस जेसेल यांच्या प्रयोगशाळेत. ही झाली पहिली अँटिबॉडी. ती हेजहॉगला जाऊन बसते, पण दिसत नाही. म्हणून बकरीत तयार केलेली दुसरी अँटिबॉडी घालायची. तिला उंदराचं प्रतिपिंड ओळखता येतं आणि तिच्या पाठीवर रंग देणारं एन्झाइम किंवा चमकणारा रंग बांधलेला असतो. लग्नात ओळखीच्या माणसाला हळद लावून ठेवली की गर्दीत तो लगेच दिसतो, तसं.

पण दुसरीच जर भलतीकडे जाऊन बसली तर पट्टी दिसते आणि ती हेजहॉगची नसते. पिपेट सर तेच विचारत होते.

---

मास्तर निपाणी · मंगळवार, रात्री १०:२०

समजलं. हळदीचं उदाहरण वर्गात वापरलं असतं.

---

घाटमाथा · बुधवार, सकाळी ६:४५

चोर्ल्याच्या बाजूचा आहे मी, प्रथिनांच्या रचनेवर काम करतो. इथे सगळे पार्सल आणि पट्टी यांवर बोलतायत, खरं मूळ मुद्दा वेगळा आहे: ५ई१ ओळखते ते नक्की काय?

प्रथिन म्हणजे मण्यांची लांब माळ, आणि ती घडी घालून गुंडाळलेली असते. काही अँटिबॉडी माळेतले सलग आठ-दहा मणी ओळखतात. अशा अँटिबॉडीला घडी मोडली काय, न मोडली काय, सारखंच. काही मात्र घडी घातल्यावर जवळ आलेले लांबचे मणी मिळून जो आकार होतो, तो ओळखतात. ५ई१ या दुसऱ्या जातीची. २०१० साली तिचा हेजहॉगसोबत स्फटिक करून दोघांची जोडलेली रचना उलगडली गेली. ती बसते त्या प्रथिनाच्या अंगावरच्या एका खोबणीत. तिथे जस्ताचा अणू असतो, शेजारी कॅल्शियम असतं. पॅच्ड नावाचा पेशीवरचा ग्राहक जिथे धरतो, तिथेच हिची जागा. म्हणून तर ५ई१ घातली की हेजहॉगचं काम बंद पडतं. जेसेल यांच्या गटाने १९९६ साली कोंबडीच्या चेतानलिकेच्या तुकड्यांत ५ई१ घालून दाखवलं की हेजहॉगचा निरोप अडवला तर स्नायूंना हलवणाऱ्या चेतापेशी तयारच होत नाहीत.

आता सांग, तू ते प्रथिन एसडीएसमध्ये उकळलंस. मर्कॅप्टोने बंध तोडलेस. घडी राहिली कुठे? जस्त राहिलं कुठे? कुलूप वितळवून किल्ली लागत नाही म्हणण्यासारखं आहे हे.

---

पिपेट · बुधवार, सकाळी ७:३०

घाटमाथा यांनी नेमकं सांगितलं. त्यात माझी भर.

डिटर्जंट नव्हतं म्हणालीस. हेजहॉगच्या पुढच्या तुकड्याला एका टोकाला कोलेस्टेरॉल आणि दुसऱ्या टोकाला पामिटिक आम्ल असतं. दोन्ही चरबीसारखी, पेशीच्या पडद्यात रुतून बसणारी. नुसत्या बफरमध्ये वाटून वरचं पाणी घेतलंस तेव्हा बहुतेक हेजहॉग खालच्या गाळात गेलं आणि तू ते फेकून दिलंस. पुढच्या वेळी १ टक्का ट्रायटन हे डिटर्जंट घाल.

१९चं प्रथिन लहान आहे. १५ टक्क्यांचं जेल आणि ०.२ मायक्रॉनचं पीव्हीडीएफ मेम्ब्रेन घे. ०.४५मधून लहान प्रथिनं आरपार जातात.

पण हे सगळं करूनही घडीचा प्रश्न उरतोच. म्हणून मला वाटतं ब्लॉटच्या मागे लागण्याआधी एक स्वस्त प्रयोग कर. डॉट ब्लॉट. नायट्रोसेल्युलोजच्या पट्टीवर शुद्ध हेजहॉगचा एक थेंब तसाच ठेव, दुसरा थेंब उकळून. दोन्हीवर ५ई१ घाल. एका दुपारचं काम आहे. शुद्ध प्रथिन नसेल तर माझ्याकडे थोडं आहे. उद्या एक मैत्रीण बेळगावला येते आहे, तिच्याबरोबर बर्फात पाठवतो.

---

संकेश्वरी मिरची · बुधवार, सकाळी ९:०५

माझा कालचा सल्ला मागे घेते. खरं एक विचारते, तुम्ही दुसऱ्या अँटिबॉडीला एचआरपी, ते रंग देणारं एन्झाइम, वापरूलालाय ना? मग बफरात सोडियम अझाइड नाही ना कुठं? कुपी टिकावी म्हणून अझाइड घालतात आणि तेच एचआरपीला मारतंय. आमच्याकडं एका नव्या मुलानं धुण्याच्या बफरातच घातलं होतं, आठवडाभर एकही पट्टी रंगली नाही.

---

मलप्रभा · बुधवार, दुपारी २:००

ताई, धुण्याचा बफर ताजा असतो, अझाइड नाही. पण ही गोष्ट मी वहीत पहिल्या पानावर लिहून घेतली.

पिपेट सर, काय म्हणू. मैत्रिणीचं नाव वैयक्तिक निरोपात पाठवा, मी मध्यवर्ती बसस्थानकावर येईन.

---

पशुवैद्य रायबाग · बुधवार, रात्री ८:४०

विषयाच्या थोडा बाहेर जातोय, चालवून घ्या. हेजहॉग वाचलं आणि हात थांबला नाही.

मागच्या महिन्यात चिंचलीजवळच्या एका वाड्यावर धनगराच्या मेंढीला कोकरू झालं. कपाळाच्या मधोमध एकच डोळा, वर सोंडेसारखा मांसाचा तुकडा. तासाभरात गेलं. लोकांनी लगेच मायाक्का देवीच्या कोपाची चर्चा सुरू केली. त्या माणसाला म्हणे नवसात काही चुकलं. म्हातारीने तर सुनेला धारेवर धरलं, कारण मेंढ्या तीच चारत होती. मी गेलो तेव्हा ती पोरगी कोपऱ्यात बसून होती. मी सांगितलं की हे गर्भात अगदी सुरुवातीला होतं, यात कुणाचा दोष नाही. पण नीट कारण देता आलं नाही आणि ते अजून टोचतंय. हे हेजहॉगचंच ना?

---

घाटमाथा · बुधवार, रात्री ९:३०

डॉक्टर, होय, त्याच वाटेवरचं.

गर्भात डोळे आधी दोन नसतात. कपाळाच्या भागात डोळ्यांसाठी एकच पट्टा असतो. त्याच्या खालून हेजहॉगचा निरोप आला की मधला भाग दबतो आणि पट्ट्याचे दोन डोळे होतात. निरोप आला नाही तर पट्टा एकच राहतो, मेंदूचेही दोन अर्धे होत नाहीत. १९९६ साली उंदरातलं हे जनुक काढून टाकलं तेव्हा एकडोळी पिल्लं झाली. त्याच वर्षी माणसात, मेंदू दुभागला न जाण्याच्या जन्मदोषाच्या काही कुटुंबांत, याच जनुकातला बिघाड सापडला.

मेंढ्यांची गोष्ट त्याहून जुनी. १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात मेंढपाळांकडे एकडोळी कोकरं होऊ लागली. तिथल्या कृषी खात्याच्या माणसांनी वर्षानुवर्षं शोध घेतला, तेव्हा कारण निघालं डोंगरावरची एक रानटी वनस्पती, व्हेराट्रम कॅलिफॉर्निकम. गाभण मेंढीने ती १४व्या दिवशी खाल्ली तर हा दोष होतो, आधी-नंतर खाल्ली तर नाही. त्यातल्या द्रव्याला सायक्लोपामीन नाव दिलं. ते हेजहॉगच्या निरोपाच्या साखळीतलं स्मूदन्ड नावाचं प्रथिन बंद पाडतं. पुढे त्याच जागेवर मारा करणारं व्हिस्मोडेगिब हे औषध त्वचेच्या एका कर्करोगासाठी २०१२ साली मंजूर झालं.

ती वनस्पती तिकडची, आपल्याकडे उगवत नाही. पण सुनेला सांगायला एवढं पुरे आहे: मेंढी गाभण आहे हे कुणालाच कळत नाही, त्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात हे ठरून गेलेलं असतं. नवस तेव्हा झालेलाही नसेल.

---

पशुवैद्य रायबाग · बुधवार, रात्री ९:४८

हे मी उद्याच जाऊन सांगतो.

---

मलप्रभा · शनिवार, रात्री ११:१५

मंडळी, गुरुवारी प्रथिन मिळालं. शुक्रवार-शनिवार घरी गेलेच नाही. सगळं जसं झालं तसं सांगते.

आधी ४५ची पट्टी. त्याच नमुन्याचे दोन पट्टे केले, एकावर ५ई१ आणि दुसरी, दुसऱ्यावर नुसती दुसरी. ४५ची पट्टी दोन्हीकडे, त्याच जागी, तितकीच ठळक. म्हणजे ती हेजहॉगची नव्हतीच. बकरीची अँटिबॉडी कोंबडीच्या कुठल्यातरी प्रथिनाला चिकटत होती, आणि मी त्या पट्टीवर पूर्वप्रथिनाची कथा रचली होती. हे वाक्य अहवालात छापून गेलं असतं आणि माझ्यानंतर आलेल्या कुणीतरी त्यावर विश्वास ठेवला असता. विचार करूनच हात गार पडतात.

मग डॉट ब्लॉट. पट्टीवर चार थेंब ठेवले: शुद्ध हेजहॉग तसंच, तेच उकळून, नुसता अल्ब्युमिन (हेजहॉगशी संबंध नसलेलं प्रथिन), आणि रिकामा बफर. अँटिबॉडी घालण्याआधी पाँसो रंगाने पाहिलं, तो कुठल्याही प्रथिनाला गुलाबी करतो. पहिले तीन थेंब सारखेच गुलाबी, म्हणजे उकळलेलं प्रथिनही पट्टीवर चिकटलं होतं. मग ५ई१. पहिला थेंब काळाकुट्ट. दुसरा कोरा. तिसरा, चौथा कोरे.

त्या पट्टीकडे बघत मी बराच वेळ उभी होते. अँटिबॉडी जिवंत आहे, गरम पार्सलमधून येऊनही. माझं प्रथिनच मी तिच्यासमोर तिला न ओळखता येणाऱ्या रूपात ठेवत होते.

आता उद्या गोठवलेले काप करणार. उकळायचं नाही, मेणात बसवायचं नाही. ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये बर्फावर दोन तास, मग ३० टक्के साखरेच्या पाण्यात रात्रभर.

---

पिपेट · शनिवार, रात्री ११:४०

शाब्बास. पाँसो करून घेतलंस हे फार चांगलं केलंस, तो रंग नसता तर दुसरा थेंब कोरा का यावर कुणीही शंका घेतली असती.

कापांतही नुसत्या दुसऱ्या अँटिबॉडीचा काप शेजारी असू दे. आणि एकाच कापात चेतानलिका येईल असा छेद घे. तिथे निसर्गाने तुला कंट्रोल देऊन ठेवला आहे.

---

मास्तर निपाणी · रविवार, सकाळी ७:००

निसर्गाने दिलेला कंट्रोल म्हणजे?

---

पिपेट · रविवार, सकाळी ७:२५

मास्तर, साडेतीन दिवसांच्या गर्भात पाठीच्या मधोमध पृष्ठरज्जू नावाची दोरी असते, आणि तिच्या वर चेतानलिका, जिचा पुढे मेरुरज्जू होतो. पृष्ठरज्जूत हेजहॉग बनतं. ते वरच्या नलिकेच्या तळाला निरोप देतं, मग तळही स्वतः हेजहॉग बनवू लागतो. नलिकेच्या वरच्या अर्ध्यात ते बनत नाही. म्हणजे एकाच कापात, एकाच काचेवर, खाली असायला हवं आणि वर नसायला हवं. अँटिबॉडीने वरही उजेड पाडला तर ती खोटं बोलते आहे असं समजायचं.

---

मलप्रभा · मंगळवार, रात्री १२:०५

दिसलं.

पृष्ठरज्जू हिरवा ठिपका. त्याच्या वर नलिकेच्या तळाला हिरवी पाचर. नलिकेचा वरचा भाग काळा. पंखाच्या कोंबात करंगळीकडच्या कडेला हिरवी कोर, अंगठ्याकडे अंधार. नुसत्या दुसऱ्या अँटिबॉडीचा काप पूर्ण काळा.

मायक्रोस्कोपची वेळ रात्री आठ ते नऊच मिळाली होती. घड्याळात नऊ वाजले तेव्हा माझे फक्त सहा फोटो झाले होते. सहाही जपून ठेवले आहेत. घरी आले तेव्हा आईने ठेवलेली भाकरी गार झाली होती, तिला फोटो दाखवला. तिने विचारलं, कोंबडीचा पंख कुठं आहे यात? मी बोट ठेवून दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली.

एक प्रश्न आहे. हाताशी सात दिवसांचे दोन गर्भ होते, त्यांचेही काप केले. त्यांत पंखाच्या कडेला काही नाही, ते समजलं, त्या वयात तिथलं हेजहॉग थांबलेलं असतं. पण हाडाच्या जागी जी कूर्चा बनते आहे, तिच्या मध्ये दोन ठळक हिरवे पट्टे दिसतात. सॉनिक कूर्चेतही असतं का?

---

घाटमाथा · मंगळवार, सकाळी ६:३०

थांब, इथे परत फसशील. तो सॉनिक नाही, त्याचा भाऊ आहे. इंडियन हेजहॉग. लांब हाडाच्या कूर्चेत, पेशी फुगण्याच्या बेतात असतात त्या पट्ट्यात ते बनतं आणि हाडाची वाढ सांभाळतं. तिन्ही भावांची ती खोबण जवळजवळ सारखी, म्हणून ५ई१ तिघांनाही धरते. साडेतीन दिवसांच्या कोंबात इंडियन नसतं, तिथे तुझं उत्तर स्वच्छ आहे. सात दिवसांच्या कूर्चेत मात्र नुसत्या ५ई१ वरून सॉनिक हा शब्द लिहू नकोस.

---

पिपेट · मंगळवार, सकाळी ७:५०

आणि म्हणूनच प्रबंधासाठी एका अँटिबॉडीवर थांबू नये. २०१६ साली प्रथिनशास्त्रज्ञांच्या एका गटाने अँटिबॉडी खरी आहे हे पारखण्याच्या पाच वाटा लिहून ठेवल्या. जनुक काढून किंवा दाबून बघणं, अँटिबॉडीशिवाय दुसऱ्या पद्धतीने ताडून बघणं, त्याच प्रथिनाची वेगळी जागा ओळखणारी दुसरी अँटिबॉडी लावणं, प्रथिनाला खूण जोडून ती खूण बघणं, आणि अँटिबॉडीने पकडून आणलेलं प्रथिन मास स्पेक्ट्रोमीटरवर तपासणं. पाचही आपल्याला परवडत नाहीत. पण दुसरी वाट परवडते: सॉनिकच्या आरएनएचा प्रोब (त्याच आरएनएला जाऊन चिकटणारा, खूण बांधलेला तुकडा) करून शेजारच्या कापावर इन सितू लाव, म्हणजे ऊतीत तो आरएनए कुठे आहे ते जागच्या जागी दिसेल. सॉनिकचा प्रोब इंडियनला धरत नाही. दोन्ही चित्रं जुळली की तू निश्चिंत. हेजहॉग पेशीबाहेर पसरतं, म्हणून प्रथिनाची कोर आरएनएच्या कोरीपेक्षा थोडी रुंद दिसली तर घाबरू नकोस.

आणि ब्लॉट हवाच असेल तर सलग मणी ओळखणारी, उकळलेल्या प्रथिनावर पारखलेली दुसरी अँटिबॉडी घे, शक्यतो सशाची.

अहवालात क्लोनचं नाव, लॉट, किती पातळ केली, किती वेळ ठेवली, हे सगळं लिही. नुसतं "हेजहॉगची अँटिबॉडी वापरली" असं लिहिलेले प्रबंध मी वाचलेत, आणि त्यांवरून काहीच परत करता येत नाही.

---

संकेश्वरी मिरची · मंगळवार, सकाळी ९:२०

फोटो बघितले. माझ्या धाकट्या भावाला डाव्या हाताला अंगठ्याशेजारी अजून एक अंगठा होता, लहानपणी काढला. तेही ह्याच्यामुळंच काय हो?

---

घाटमाथा · मंगळवार, सकाळी १०:००

अंगठ्याकडचं जादा बोट असेल तर कधी कधी होय. सॉनिक जनुक कोंबात कुठे चालू करायचं हे सांगणारा एक तुकडा डीएनएवर सुमारे १० लाख अक्षरं दूर, दुसऱ्याच जनुकाच्या पोटात बसलेला आहे. त्यातलं एखादं अक्षर बदललं की सॉनिक अंगठ्याकडच्या बाजूलाही थोडंसं चालू होतं, आणि तिकडे जादा बोट येतं. रेशमी पिसांची सिल्की कोंबडी बघितली असेल, तिला चारच्या जागी पाच बोटं असतात, ती याच तुकड्यातल्या बदलामुळे. करंगळीकडचं जादा बोट जास्त आढळतं, पण त्याची जनुकं बहुधा वेगळी. भावाचं कशामुळे ते डीएनए बघितल्याशिवाय म्हणता येणार नाही.

---

पशुवैद्य रायबाग · मंगळवार, रात्री ८:१५

चिंचलीच्या वाड्यावर जाऊन आलो. म्हातारीला बसवून जमिनीवर काडीने काढून दाखवलं: आधी एक पट्टा, मग दोन डोळे. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्याचा हिशेब सांगितल्यावर तिने स्वतःच बोटं मोजली. मेंढ्या तेव्हा सून चारतच नव्हती, ती माहेरी अथणीला होती. म्हातारी काही बोलली नाही. निघताना सुनेच्या हातून मला ताक दिलं.

मलप्रभा ताई, कोकरू तर पुरून टाकलं, पण त्या दिवशी मी कानाचा तुकडा आणि डोक्याची थोडी ऊती फॉर्मलिनमध्ये ठेवली होती. तुमच्या अँटिबॉडीने काही कळेल का?

---

मलप्रभा · मंगळवार, रात्री ९:४०

डॉक्टर, अँटिबॉडीने नाही कळणार. जे बिघडलं ते गर्भाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत. जन्मलेल्या कोकराच्या ऊतीत हेजहॉग दिसलं किंवा नाही दिसलं, तरी त्या दिवसांबद्दल ते काही सांगत नाही. विचारायचं असेल तर डीएनएला विचारावं लागेल, आणि फॉर्मलिनमध्ये डीएनएचे तुकडे तुकडे होतात.

तीच मेंढी किंवा तोच मेंढा पुन्हा वापरला आणि पुन्हा असं झालं, तर कानाचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा शुद्ध अल्कोहोलमध्ये ठेवा. दवाखान्यातलं निळं स्पिरिट नको, त्यात भेसळ असते. आईचा आणि बापाचाही कान घ्या, नुसत्या कोकराचा पुरणार नाही. तीन वेगळ्या कुप्या, वर पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी आत टाकलेली, शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.

रिकाम्या स्क्रूच्या कुप्या आणि अल्कोहोल माझ्याकडे आहे. गुरुवारी मी प्रोबच्या कामासाठी कोल्हापूरला चाललेय, बस संकेश्वरला थांबते. मिरचीताई, तुमच्याकडे पिशवी ठेवून जाऊ का? डॉक्टर तिकडून घेतील.

---

संकेश्वरी मिरची · मंगळवार, रात्री ९:५५

ठेव की. बसस्थानकाच्या समोरच आहे आमचं. खरं चहा घेतल्याशिवाय सोडणार नाही, बसचं बघून ये.

---

मलप्रभा · शुक्रवार, सायंकाळी ५:३०

अहवाल दिला. ४५च्या पट्टीचं पान काढलं नाही. दोन्ही पट्टे शेजारी शेजारी ठेवून खाली लिहिलं: पहिली अँटिबॉडी नसतानाही हीच पट्टी येते. त्याखाली डॉट ब्लॉट, आणि मग सहापैकी तीन फोटो. गाईड सरांनी ते पान दोनदा वाचलं आणि म्हणाले, हे पुढच्या बॅचच्या मुलांना दाखव.

कुप्या संकेश्वरला पोचल्या आहेत. प्रोबचा निकाल आला की याच धाग्यात टाकते.